इंगळे सिस्टरची संत्री

बाळंतीण ओरडत असली की इंगळे सिस्टर आपलं हातातलं काम करत राहायची. ती गप्प झाली की धावायची. नवीन लागलेल्या पोरी उलट करत, ओरडण्याकडे पळत. त्यांना सिस्टर म्हणायची, "ओरडते ते जिती हाय. तिच्याकडे कायले पळता? गप बसली तिले पाहा."

अमरावतीला एक धर्मादाय दवाखाना होता. आता नाही. तिथं बायांच्या वॉर्डात मी आया होते. छप्पन-सत्तावन्नच्या सुमारास लागले तेव्हा सिस्टरला तिथं बरीच वर्षं झाली होती. उंच, हाडाची जाड, चालताना चपला न वाजणारी बाई. नवरा होता म्हणत, कुठं होता ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. आमचं बारा-तेरा वर्षांचं बोलणं सगळं वॉर्डाचंच. कोणाला ताप, कोणाची सासू त्रासाची, कोणाच्या डब्यात वांगं आलं.

तिला नावं लक्षात राहत नसत. खाटेचे नंबर राहत. "चारले पेज दे. नवाचं लेकरू रडून राहिलं." पाच वर्षांनी एखादी बाई रस्त्यात भेटली, पाया पडली, की सिस्टर म्हणायची, "तू कोन वं?" बाई नाव सांगायची. सिस्टर कोरीच. मग बाई म्हणायची, "मी खिडकीजवळची, सिस्टर." लगेच, "हात तिच्या! सात नंबर! तुले पोट्टी झाली होती, पायाळू. कशी हाय?" त्या पोरीचं जन्मावेळचं वजनसुद्धा सांगायची.

तिचं दुसरं वेड हाताचं. थर्मामीटर लावायची, पण आधी हात लावून आकडा सांगायची. मी खूप वेळा पडताळून पाहिलं. एखाद्या रेघेचा फरक पडला तर पडला. पोट तपासताना डोळे मिटायची आणि दोन्ही अंगठ्यांनी हळूच दाबत जायची. त्या वेळी कोणी बोललेलं चालत नसे, डॉक्टरही नाही.

ती आमच्यापेक्षा वेगळ्या जातीची. छप्पन सालानंतर तिच्या घरचे सगळे बौद्ध झाले, तीही झाली. मी लागले तेव्हा पहिले दोन महिने तिच्या हातचा चहा घेतला नाही. खोटं कशाला सांगू. तिच्या ते ध्यानात आलं होतं. ती रोज चहा करायची, माझा कप भरून ठेवायची, थंड झाला की मोरीत ओतायची.  दोन महिन्यांनी मलाच त्या चहाची दया आली. प्यायले. तर म्हणते, "साखर कमी हाय का? दोन महिने झाले, कोनी सांगतच नाई."

एकदा दर्यापूरकडची एक मोठ्या घरची सून आली होती. बरोबर सासू, नाकात नथ, हातात स्वतःचा तांब्या. सुनेला कळा सुरू होत्या आणि सासू सिस्टरच्या मागं, "बाई, तुमी कोन?"

"नर्स."

"तसं नाई. आडनाव काय?"

"इंगळे."

"इंगळे आमच्यातबी असतात. तुमी कोनचे?"

सिस्टर हात धुवत होती. वळून म्हणाली, "आजी, तुमी मले हात नका लावू, मी तुमाले लावत नाई. पन लेकरू माह्या हातात येऊन राहिलं. त्याले आतच थांब म्हना, दुसरी येईस्तोवर. थांबते का पाहा."

म्हातारी तांब्या घेऊन बाहेर जाऊन बसली. नातू झाला. तिसऱ्या दिवशी तीच म्हातारी सिस्टरला विचारत होती, माझे गुडघे का दुखतात म्हणून, आणि लुगडं वर करून गुडघे पुढं धरले होते. सिस्टरनं दाबून पाहिले. म्हणाली, "अंग कमी करा अन् चौकशा कमी करा."

अशी ही बाई. ती वॉर्ड सोडून दुसरं काही करील असं कोणी म्हटलं असतं तर मी हसले असते. पण तसं झालं, आणि सगळ्यांनी त्याची भलतीच कारणं सांगितली. कोणी म्हणालं पाय दुखायचे. कोणी म्हणालं मोठ्या डॉक्टरशी बिनसलं. खरं कारण मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते.

दुपारची वेळ होती. सात नंबरच्या बाईला पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू होतं. बारा नंबरच्या बाईला ते अजिबात चालत नव्हतं. आधी कुठंतरी दिलं होतं तर अंगभर गांधी उठल्या होत्या, श्वास अडकला होता, मरता मरता वाचली होती. हे सिस्टरला पाठ. पण झालं असं की अकरा नंबरवर सात नंबरच्या माहेरची बाई आली. आपल्या गावची बाई दिसली की आमच्याकडच्या बायांना दम निघत नाही. सातनं बाराला विचारलं, "बाई, खाट बदलता का? आमाले बोलाचं हाय." बाराला खिडकी मिळत होती, ती कशाला नाही म्हणेल. दोघी उठल्या आणि आपापली गाठोडी घेऊन बदलून बसल्या. पाट्या खाटेलाच राहिल्या.

सिस्टर सिरिंज घेऊन आली. "सात, कूस बदल." त्या बाईनं बदलली. नर्स सांगते म्हणजे बदलायची, एवढंच बायांना ठाऊक. तोंड भिंतीकडं. मी पलीकडे चादर घालत होते. मला तिचे पाय दिसले. बाराच्या पायाला जळाल्याचा डाग होता, मी रोज तिचे पाय पुसायची.

"सिस्टर, हे बारा हाय."

सुई कातडीला टेकली होती. सिस्टरनं ती मागं घेतली. चालत बाराच्या खाटेशी गेली, खऱ्या सातला दिलं, कापूस दाबला, सिरिंज उकळायला टाकली. बायांना शिव्या दिल्या नाहीत. तिथंच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एरवी खाट बदलल्याबद्दल तिनं दोघींच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

मग खोलीत येऊन चहा प्यायली. पूर्ण. कप ठेवला आणि हात माझ्यापुढं धरला.

"गिरजा, पाहा. थरथरून राहिला का?"

"नाई."

"नीट पाहा न."

"नाई वं सिस्टर. घट्ट हाय."

"तेच तं," ती म्हणाली. "बाई मेली असती माह्या हातानं. अन् मले भूक लागली होती. सुई मागं घेतली तवा मी काय इचार करत होती, सांगू? का आज डब्यात भाजी कोनती."

तिनं स्वतः जाऊन मोठ्या डॉक्टरला सांगितलं, वहीत लिहिलं. डॉक्टर म्हणाले, काही झालं नाही ना, मग जाऊ द्या, तुमच्यासारखी सिस्टर आमच्याकडे दुसरी नाही. ती परत आली ती जास्तच चिडून. "शिव्या द्यायच्या तं हार घालून राहिला." त्या दिवसापासून तिच्या तोंडी एकच. भीती गेली का नर्स संपली. नवीन पोरीचा हात कापतो म्हणून ती तीनदा पाहते. माझा कापत नाही, म्हणून मी एकदाच पाहते, आणि तेही पाटीकडे.

मी म्हटलं, "दमली असशीन. दोन दिवस झोप." तिनं दोन दिवस रजा घेतली, झोपली, परत आली. हात तसाच घट्ट.

त्याच महिन्यात दवाखान्याच्या मंडळींनी तिला अकोल्याचं पत्र दिलं. अकोल्याला त्यांचा नवा वॉर्ड निघत होता, तिथं मेट्रन म्हणून जा. दीड महिन्यात हो की नाही कळवा. वॉर्डात पेढे वाटायची तयारी झाली. मीच म्हटलं, "जाय. खुर्ची हाय, पंखा हाय. आणखी काय पायजे बाईले?"

ती एक दिवस अकोल्याला जाऊन पाहून आली. मी विचारलं कसं आहे. म्हणाली, "टेबल हाय. टेबलावर घंटी हाय. मी दाबली. शिपाई आला. मले काई सांगाचंच नव्हतं, म्हून पानी मांगतलं. प्याली. मंग पुन्हा दाबली, येते का पाहाव म्हून. आला लेकाचा."

"मग?"

"मंग काय. दोन गिलास पानी पिऊन आली."

मी हसले. ती हसली नाही. म्हणाली, "गिरजा, मेट्रन म्हंजे खाटेपासून आणखीन दूर. अठी निदान सुई माह्या हातात हाय. तठी दुसऱ्या पोरीच्या हातात राहीन, अन् सही माही."

संत्र्यांचं प्रकरण इथून सुरू होतं. वरूडचे हबीबशेठ म्हणून संत्र्याचे व्यापारी होते. त्यांची सून आमच्याकडे अकरा दिवस होती, अवघड बाळंतपण सिस्टरनं निभावलं होतं. तेव्हापासून हंगामात शेठ स्वतः टोपली घेऊन यायचे. सिस्टर टोपली खाली ठेवून तिच्यापुढं डोळे मिटून बसायची आणि एकेक फळ दोन अंगठ्यांनी दाबायची, पोट दाबावं तसंच. मग तीन ढीग. "हे आज वाटा. हे आइतवारपर्यंत टिकते. अन् ह्याले कोनाचं तरी नख लागलं हाय, परवा नासते."

शेठनं एकदा ते नख लागलेलं फळ खिशात घालून नेलं. पुढच्या वेळी आले ते हात जोडून. "सिस्टर, परवा म्हनजे परवाच नासलं. चाळीस साल हो गए मले धंद्यात, मले दिसलं नव्हतं." आणि मग, "तुमी आमच्या तठी या न. खोके भराच्या कामावर पन्नास बाया हायत. पन्नास बाया, पन्नास तोंडं. कोनी कोनाचं ऐकत नाई. माल कलकत्त्याले पोचेपर्यंत अर्धा सडते."

"माह्या वॉर्डात तीस हायत," सिस्टर म्हणाली, "अन् त्याइच्या सासवा येगळ्या."

तेव्हा ती गोष्ट थट्टेत गेली. पण अकोल्याचं पत्र आलं आणि तिनं मला विचारलं, "तुही मावसबहीण वरूडले दिली हाय न?" तिनं महिनाभर रजा टाकली. मी पहिले चार दिवस बरोबर गेले. ती खरंच जाते की काय ते मला पाहायचं होतं.

आंबिया बहार, म्हणजे पावसाळ्याअखेरचं पीक, तोडायला आला होता. बगिच्याच्या कडेला पत्र्याची मोठी शेड, आत गवताचे ढीग, लाकडी खोके, आणि मधोमध संत्र्यांची रास. पन्नास बाया तिच्याभोवती बसलेल्या. सिस्टर दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हात."

बाया पाहतच राहिल्या.

"हात दाखवा, हात. पालथे." आणि कात्री काढून ती पहिल्या बाईसमोर बसली. पन्नास बायांची नखं तिनं स्वतः कापली. एक तोंडाळ बाई म्हणाली, "बाई, नखं काय संत्र्याले चावतेत का?"

"चावतेत. तुह्या नवऱ्याले विचार."

शेडचा पत्रा उडेल एवढं हसल्या बाया. त्यानंतर तिला त्रास झाला नाही. फजिती झाली ती दुसऱ्याच सकाळी. फळ झाडावरून ओढायचं नसतं, कात्रीनं देठाशी कापायचं असतं. देठ लांब राहिला तर खोक्यात शेजारच्या फळात घुसतो. हे शेठनं तिला समजावलं. तिला ते इतकं पटलं की पहाटे उठून तिनं मोठा गंज पाण्यानं भरून चुलीवर ठेवला, आणि तोडणाऱ्यांच्या सगळ्या कात्र्या त्यात टाकून वीस मिनिटं खळखळून उकळल्या. ताटात फडकं घालून त्यावर मांडून ठेवल्या. मला म्हणाली, "आता कसं बरं दिसते."

त्या कात्र्यांच्या मुठी लाकडाच्या होत्या, राळेनं बसवलेल्या. उन्हं वर आली तशा एकेक निघायला लागल्या. झाडावरून माणूस ओरडतो, मूठ हातात, पातं खाली. नऊ वाजेपर्यंत तोडणी बंद. शेठ धावत आले.

"सिस्टर, बाळंतपन नाई कराचं, संत्रं तोडाचं हाय!"

"देठ म्हंजे नाळच हाय, शेठ. मळक्या कात्रीनं कापली का लेकरू मरते."

"अन् उकळल्या कात्रीनं शेठ मरते!"

सिस्टर खाली मान घालून मुठी गोळा करत राहिली. तिला मी पहिल्यांदा वरमलेलं पाहिलं. सुतार आला, संध्याकाळपर्यंत सगळ्या बसवून झाल्या, तोवर ती त्याच्याजवळून हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून कात्र्या नुसत्या पुसून घ्यायला लागली, आणि पुसणाऱ्यावर नजर ठेवून बसली.

चार दिवसांनी मी अमरावतीला आले. ती महिना पुरा झाल्यावर आली, काळवंडून, हाताला संत्र्याच्या सालीचा वास. अकोल्याला कळवायचा शेवटचा दिवस दोन दिवसांवर होता. आम्ही वॉर्डामागच्या पायरीवर बसलो. मी सरळ म्हटलं, "बाई, लोक हसतीन. इंजेक्शन देनारी बाई संत्री चिवडनार? पेन्शन सोडून?"

"हसू दे." मग म्हणाली, "गिरजा, तठी एक रास होती, पावसात भिजलेली. ते सकाळी नासली तं नाई म्हून मी झोपेतून उठली. पोटात गोळा आला. चार-पाच सालात असा गोळा आला नव्हता. पळत गेली, चप्पल बी घातली नाई."

मला आनंद झाला. "मंग झालं न! गोळा आला म्हंजे भीती परत आली. आता वॉर्डात ये. कायले पायजे अकोला अन् कायले वरूड?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चुकीची सुई उचलली आहे.

"संत्र्यासाठी आला, वं. बाईसाठी येते का नाई, हे पाहाचं असन तं कोनाची बाई वापरू?"

  आत एक बाळंतीण ओरडत होती. सिस्टर बसून राहिली.

"संत्रं मेलं तं कोनी रडत नाई," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"म्हूनच," ती म्हणाली.

अकोल्याला तिनं येत नाही म्हणून कळवलं. दवाखान्याचा राजीनामा दिला. वॉर्डाचा ताबा नव्या सिस्टरला देताना प्रत्येक खाटेपाशी उभी राहून तिनं बाईला तिचं नाव विचारलं. सगळ्या तीस जणींना. नंबर एकही बोलली नाही. नव्या सिस्टरला वाटलं ही रीतच असेल. ती पुढं किती वर्षं तसं करत होती.

लोक हसलेच. मोठे डॉक्टर म्हणाले, बाईचं डोकं फिरलं. मला काही तिचं खूप बरोबर वाटलं असं नाही. नव्या सिस्टरच्या हातून सुई दोनदा टोचायला लागायची तेव्हा मी मनात इंगळे सिस्टरला शिव्या द्यायची. चांगली नर्स होती ती, त्या दुपारनंतरही. पण ते तिनं मानायला हवं होतं ना.

पुढच्या हंगामात मावसबहिणीकडे वरूडला गेले होते. परतीची बस धरायला निघाले तर वाटेत शेड. बाहेर ट्रक उभा, गच्च भरलेला, दोर आवळलेले, इंजीन सुरू. आणि ट्रकवर, अगदी वर, नऊवारीचा काष्टा मारून इंगळे सिस्टर. खाली ड्रायव्हर आकाशाकडे हात करून बोंबलत होता.

"अवं बाई, गाडी सुटाची येळ झाली! एका खोक्यापाई सारा ट्रक उतरवता?"

"हो, एका."

"कोनता तो एक, ते तं सांगा! तेवढा काढतो."

"ते मालूम असतं तं तुले कायले तरास देल्ला असता? मले वाटून राहिलं का एकात वल्लं गवत गेलं. उतरव."

हबीबशेठ सावलीत खाटेवर बसले होते, बिडी ओढत. मला पाहून म्हणाले, "महिन्यात दोन-तीन बार असंच होते. आता आमी बोलत नाई."

सिस्टरनं वरून मला पाहिलं. वर्षानं भेटत होतो. म्हणाली, "उभी काय राहिली? धर खोका."

मी पिशवी खाली ठेवली आणि धरला. एकेक खोका खाली आला, एकेक तिनं उघडला, कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून गवत चाचपलं, परत बंद केला. कोणी बोलत नव्हतं. माझी बस समोरून गेली. शेवटचा खोका झाला. ओलं गवत कुठंच नव्हतं.

ड्रायव्हर मटकन चाकाला टेकून बसला. सिस्टर घामानं निथळत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं, सगळ्या खोक्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि पोरगी झाल्याचं सांगावं तशा खुशीत म्हणाली, "काई नाई निघालं. चला, भरा आता."